मिझेबी आता म्हणी सांगत नाही

नाही गं, शेहानं तुला चुकीचं सांगितलं — म्हणजे खोटं नाही, जुनं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीचं. गावचा शेहा, सरकारनं नेमलेला मुखिया असला तरी कोण जन्मलं, कोण मेलं, कुणाचं कुंपण कुणाच्या वाटेत आलं, एवढंच त्याच्या दप्तरात असतं; माणसाच्या आत काय उरलंय ते कोण लिहून ठेवणार? "मिझेबीकडे जा, तिच्या पोटात हजार म्हणी आहेत" — असंच म्हणाला ना? होत्या. हजार नसतील, पण होत्या. आता नाहीत, म्हणजे — आहेत, जातील कुठे, पण मी काढत नाही. एकसुद्धा नाही. तुझ्या शाळेतल्या पोरांसाठी नाही आणि तुझ्यासाठीही नाही. राग मानू नकोस. ती वही ठेव बाजूला आणि बस, उन्हाची आलीस. तुला 'तू' म्हटलेलं चालेल ना? मास्तरीण आहेस खरी, पण वय — अठ्ठावीस? वाटलंच. बस ओट्यावर. तो लवंगांचा घोस घे हातात, नुसतं बसलेलं माणूस मला समोर चालत नाही. असा, डाव्या मुठीत धरायचा आणि उजव्या तळव्यावर पिळायचा, कळ्या खाली पडतात, देठ हातात राहतात. बोटं काळी होतील. होऊ देत, आमच्या पेम्बा बेटावर या दिवसांत स्वच्छ बोटं घेऊन फिरणाऱ्याला लोक आळशी म्हणतात.

कुठून शिकले? आईकडून, दुसरं कुठून. माझ्या आईला सरळ बोलताच यायचं नाही. भात करपला तरी म्हण, शेजारीण आली तरी म्हण, शेजारीण गेली की दुसरी म्हण. मी सहा वर्षांची असेन — माझे वडील मोम्बासाला गेले होते, शिडाच्या होडीवर, लवंगा घेऊन — तर मी आईला विचारलं, बाबा परत कधी येणार? तिनं एक ओळ म्हटली. समुद्राची होती, वाट बघण्याची होती, गोड होती ऐकायला. मी ती दिवसभर घोळवत फिरले, मैत्रिणींना म्हणून दाखवली. आणि पोरी, त्या ओळीचा अर्थ 'येणार नाही' असा होता, हे कळायला मला वीस वर्षं लागली. माझं लग्न झालं, झुवेना झाली, आणि एक दिवस तांदूळ निवडताना एकदम — अरे, आईनं तर तेव्हाच सांगितलं होतं. नाही, वाईट नाही वाटलं. उलट वाटलं, काय बाई होती! सहा वर्षांच्या पोरीला न रडवता सांगून टाकलं. तेव्हा असं वाटलं. आता काय वाटतं ते विचारू नकोस, आता काही वाटत नाही.

मग माझं नाव झालं. नवरा लवकर गेला, तेव्हा मी या पुढच्या खोलीत कांगा विकायला लागले. तू नेसलीयस तोच, दोन तुकड्यांचा, काठाशी ओळ छापलेला. दुसऱ्या दुकानांत बायका रंग बघतात, माझ्याकडे आधी भांडण सांगायच्या. सासू अशी म्हणाली, सवत तशी हसली, नणंदेनं ताटातला मासा पळवला — मी ऐकायचे, गठ्ठ्यात हात घालायचे आणि काढून द्यायचे. "हा नेसून तिच्या दारावरून दोनदा जा. बोलू काही नकोस." बस. घाव बसायचा आणि तोंडानं काही बोललेलं नाही, म्हणून भांडणही नाही! लोक वेटेहून यायचे माझ्याकडे, कोंडेहून यायचे. लग्न ठरवताना मला नेऊन बसवायचे, तलाक थांबवायला न्यायचे. पुरुष तासभर वाद घालायचे आणि मी शेवटी एक ओळ टाकायचे — झालं, सगळे माना हलवत उठायचे. त्याचं एक सुख असतं बघ. सगळे गप्प होतात त्याचं.

हसू नकोस, पण हे ऐक — इथे पलीकडे दोघी जावा राहायच्या, एकीच्या बकरीनं दुसरीच्या कसाव्याचा पाला खाल्ला. एवढंच कारण. चार वर्षं एकमेकींशी शब्द नाही, सगळं भांडण कांग्यांवर. एक सकाळी येऊन माझ्याकडून घ्यायची आणि दोरीवर अशी वाळत घालायची की ओळ बरोबर दुसरीच्या दारासमोर यावी. दुपारी दुसरी यायची, "मिझेबी, याला उत्तर दे." मी द्यायचे. मग पहिली पुन्हा, "आता याला उत्तर!" म्हणजे चार वर्षं मी माझ्याशीच भांडत होते, त्या दोघी नुसत्या दोऱ्या बांधत होत्या. शेवटी बकरी मेली आणि दोघी मिळून रडल्या. ही ताबूबी म्हणजे त्यातली एक. ती बघ, समोर चटईवर लवंगा पसरतेय ती, हिरव्या डोईपदराची. बघू नकोस आता, तिला कळेल. तिच्याच मुलीच्या लग्नात — जाऊ दे. कुठे होते मी?

हां, झुवेना. तिचं नाव तुला शेहानं नाही सांगितलं? माझी लेक, एकटीच. माझ्यासारखी नव्हती, बोलणं कमी, विचारणं फार. लहानपणी विचारायची, आई, खेकडा तिरका का चालतो, आई, आजी मरताना तिला दुखलं का — आणि मी आईसारखीच, प्रत्येकाला एकेक ओळ. ती हसायची. "हे उत्तर नाही आई," असं म्हणायची आणि हसायची. मिचेवेनीच्या किनाऱ्यावर दिली तिला, मबरुकला. होड्या बांधतो तो. शांत माणूस, फळीला फळी जुळवून बघावी तसा शब्दाला शब्द जुळवून बोलतो. दोघांचं चांगलं होतं. पहिल्या बाळंतपणाला ती माझ्याकडे आली, रीतच आहे आमची. आठवा महिना लागला होता. सरकारी दवाखान्यातून तिला एक कार्ड दिलं होतं, त्यावर काय काय झालं तर लगेच या म्हणून चित्रं काढली होती. ते कार्ड मी कुराणाच्या पेटीवर ठेवलं होतं, नीट, रुमाल घालून. बघितलं नव्हतं, ठेवलं होतं.

तर त्या दिवशी ताबूबीच्या मुलीची मेंदी. आम्ही सहाजणी या मागच्या अंगणात, मेंदी भिजवतोय, आल्याची कॉफी चाललीय, मी रंगात आलेले. प्रत्येकीला एकेक ओळ, नवरीला दोन. पोटं धरून हसत होत्या सगळ्या. आणि झुवेना दारात येऊन उभी राहिली. पाय सुजलेले, चपला हातात. म्हणाली, "आई, डोकं फुटतंय माझं." साधं, असंच म्हणाली. आणि मी — अगं तोंडात तयारच होती, विचारसुद्धा करावा लागला नाही — पहिलटकरणींची थट्टा करायची एक ओळ आहे जुनी, माझ्या वेळी आईनं मला ऐकवली होती. ती टाकली. अशी बसली, अशी बसली की ताबूबीच्या हातातून मेंदीचं भांडं पडलं हसताना. सहाच्या सहा हसल्या. आणि झुवेनाही हसली. हे बघ, मला बाकीचं काहीही आठवायला चालतं. ती हसली, ते नको असतं. दाराला टेकून, डोळे मिटून हसली आणि आत गेली.

पिळत राहा, थांबू नकोस, घोस सुकले की कळ्या नीट सुटत नाहीत.

संध्याकाळी परत आली. बायका गेल्या होत्या, मी भांडी आवरत होते. म्हणाली, "आई, दिव्याभोवती ठिपके दिसतायत. तुझ्या तोंडाभोवतीपण." मी म्हटलं — तेही ओळीतच म्हटलं. धीर धरण्याची होती, सगळ्यांना येते ती, तुझ्या वहीतही असेल. सकाळी तिचे दात वाजायला लागले, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. जाऊन बघते तर अंग ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. मी ताबूबीला हाक मारली, तिच्या नवऱ्यानं गाडी आणली, मागे चटई टाकली, झुवेनाला घातलं. मोठ्या दवाखान्यापर्यंत तासाची वाट. तिच्यावर पांघरायला हाताला लागला तो कांगा घेतला होता, नवा, बाळंतपणासाठी मीच निवडून दिलेला. ओळ तिच्या गुडघ्यावर आली होती. गाडी हिसके देत होती आणि मी तासभर ती ओळ वाचत होते. दुसरं काही बघता येत नव्हतं. वाचत होते.

पोर वाचली. पोट फाडून काढली तिला, एवढीशी. झुवेना दुपारच्या अजानच्या आधी गेली. डॉक्टर बाहेर आली, तुझ्याएवढीच असेल, हातमोजे काढत होती. तिनं विचारलं, "आई, हिची आधी काही तक्रार होती? डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काही दिसणं?"

मी म्हटलं, "नाही."

असं काय बघतेस? म्हटलं मी. नाही म्हटलं. आयुष्यभरात कुणी काही विचारलं आणि मी एका शब्दात सरळ उत्तर दिलं असं ते पहिलंच — आणि ते खोटं. डॉक्टरनं लिहून घेतलं. मग मबरुक आला, लाकडाचा भुसा तसाच केसांत, त्यानं तेच विचारलं — "आई, काही बोलली होती का ती?" — आणि एकदा नाही म्हटलं होतं, मग दुसऱ्यांदा तेच येतं तोंडातून, त्याला काही करावं लागत नाही. हे मी कुणाला — तुला कशाला सांगतेय हे? तू म्हणी मागायला आलीस.

बरं, ऐकलंस तर ऐकलंस.

तिला पुरलं. मग तीन दिवस बायका येत होत्या, इथे, याच खोलीत, चटईवर, भिंतीला पाठ लावून बसलेल्या. आणि प्रत्येक बाई आली की माझा हात धरायची आणि एक म्हण म्हणायची. मरणाची, नशिबाची, देवाच्या मर्जीची. आणि पोरी, त्या सगळ्या माझ्याच होत्या. माझ्याकडून गेलेल्या. ही कुणाला मी तिच्या नवऱ्याच्या वेळी दिली होती, ती कुणाला मूल गेलं तेव्हा. एकेक परत येत होती, अगदी घडी न मोडता. तेव्हा मला कळलं त्या कशा लागतात ते. कशाच लागत नाहीत. दार लोटल्यासारखं होतं — आवाजही होत नाही, बंद होतं नुसतं, आणि तुम्ही आत आणि बाकीचे बाहेर. मी कुणाला उत्तर दिलं नाही. रडलेही नाही. लोक म्हणाले, मिझेबीचा धीर बघा. ताबूबी आली, माझ्या शेजारी बसली. ती एकटी काही बोलली नाही. तिला ठाऊक होतं ना, भांडं तिच्याच हातातून पडलं होतं. त्या पाचही जणींना ठाऊक होतं. कुणी मबरुकला सांगितलं नाही, एकमेकींतही कधी काढलं नाही. त्यानंतर मी म्हणी बंद केल्या. ठरवून नाही. तोंडाशी आली की दात मिटतात. कांगा घ्यायला कुणी आलं की मी म्हणते, रंग बघून घ्या.

मबरुकनं दुसरं लग्न केलं नाही. बहिणीच्या मदतीनं पोरगी वाढवली — नस्रा. नऊ वर्षांची आहे, गुडघ्याला कायम खरचटलेलं. दोन्ही ईदला घेऊन येतो आणि लवंगांच्या दिवसांत येतो. चांगला वागतो माझ्याशी, फार चांगला, छप्पर शाकारून देतो, मासे आणतो. आणि तिला शिकवतो. लेकीला जवळ घेऊन म्हणतो, "नस्रा, कुठे दुखलं-खुपलं की सांगायचं हं लगेच. तुझी आई सांगायची नाही. मनात ठेवायची सगळं. म्हणून ती गेली." प्रेमानंच म्हणतो, रागानं नाही. पण दर वेळी म्हणतो. माझ्यासमोर म्हणतो, माझ्या हातचा भात खाता खाता. नऊ वर्षं. आणि मी वाढत असते. "अजून घे मबरुक, नारळाचं दूध आहे अजून." असं. माझ्या लेकीच्या नावावर ते लागलं — मुकी होती, सांगायची नाही — ती, जिनं जन्मभर विचारणं सोडलं नाही! मला वाईट वाटायला हवं होतं. मला हात दिसायचा माझा, डाव धरलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

मागच्या शुक्रवारच्या आधीचा शुक्रवार. आले दोघं. नस्रा माझ्याजवळ बसली होती, तू बसलीस तिथेच, घोस पिळत होती — तिला छान जमतं, तुझ्यापेक्षा बरं — आणि पिळता पिळता म्हणाली, "आजी, आई का नाही बोलली? तिला दुखत होतं तर? मी तर ओरडले असते." मबरुक आत जेवत होता, दार उघडं. आणि मला ओळ आली. आली ना, नऊ वर्षांनी, जिभेच्या शेंड्यावर, इतकी चपखल की — ती म्हटली असती तर पोरगी हसली असती, मबरुकनं मान हलवली असती आणि पुन्हा कधी कुणी विचारलं नसतं. तिचा चेहरा बघितला मी. तोंड उघडं ठेवून वाट बघत होती, आता आजी सांगणार. अगदी अशीच —

मी म्हटलं, "बोलली होती."

बस, दोनच शब्द. आत ताटाचा आवाज थांबला. मबरुक दारात आला, उष्टा हात तसाच. माझ्याकडे बघितलं, मग हात धुतले, नस्राला चपला घालायला लावल्या आणि निघून गेला. पोरगी वळून वळून बघत होती. मी उरलेले घोस पिळले, सगळे संपवले. झोपही लागली त्या दिवशी. खोटं कशाला सांगू, लागली.

परवा सोमवारी एकटा आला. ओट्याच्या खालीच उभा राहिला, वर ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, "आई, ती काय बोलली होती? तिचे शब्द सांग. तुझे नकोत, तिचे." मी सांगितले. डोकं फुटतंय. दिव्याभोवती ठिपके. "आणि तू काय म्हणालीस?" तेही सांगितलं, दोन्ही ओळी सांगितल्या, सगळ्या हसल्या तेही. "ती हसली?" हो म्हटलं. त्यानं मला परत सांगायला लावलं. मग आणखी एकदा. आपल्या कामातलं माप घ्यावं तसं ऐकत होता. मला वाटलं मारेल, मारलं असतं तर बरं झालं असतं. ताबूबी पलीकडे उभी होती, झाडू हातात, ती पुढे आली आणि म्हणाली, "मबरुक, मीपण हसले होते." त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. खाली बसला, मातीत, डोकं धरून. "नऊ वर्षं मी माझ्या बायकोला नावं ठेवली," एवढंच म्हणाला. "पोरीसमोर ठेवली." मग उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "नस्राला तू येऊन सांगायचं. मी नाही सांगणार. बुधवारी तिसऱ्या प्रहरी गाडी पाठवतो."

हो, आज बुधवार. म्हणून तर तुला म्हटलं, पटपट पिळ, एवढी चटई आवरायची आहे मला.

भीती? कसली? ती थुंकली तोंडावर तरी ते तिचं आहे. मबरुक पुन्हा इथे येणार नाही, ते मला दिसतंय. पोरगीही कदाचित नाही. छप्पर गळेल. गळू दे. माझं दुसरंच चाललंय मनात. तो माप घेत होता ना सोमवारी, तीन-तीनदा, तेव्हा मी दोनच सांगितली. डोकं आणि ठिपके. पण —

नाही, काही नाही.

तिसरंही होतं. संध्याकाळी, ठिपक्यांचं बोलली, मी ओळ म्हटली, ती आत गेली. आणि परत आली. दिवा माझ्या हातात होता. म्हणाली, "आई, म्हण नको. मला दवाखान्यात ने. आत्ता गाडी बोलव." अशी म्हणाली, सरळ, एकेक शब्द वेगळा करून, लहान मुलाला सांगावं तसं. आणि मी हसले. म्हणी नको म्हणतेय बघा, असं म्हणून हसले आणि दिवा घेऊन माझ्या खोलीत गेले. ती तिथे उभी होती अंधारात. किती वेळ उभी होती, माहीत नाही.

हे सोमवारी मबरुकसमोर नाही निघालं. डॉक्टरसमोर नाही. ताबूबीला ठाऊक नाही, कुणालाच नाही. तुझ्यासमोर निघालं. तू परकी आहेस, उद्या तुझ्या शाळेत जाशील — म्हणून असेल. किंवा एकदा तोंडातून काढून बघायचं असेल मला, निघतं का. निघालं. काही झालं नाही. आता नस्रासमोरही निघेल. तिला तिच्या आईचे शब्द मिळायला हवेत, सगळे, त्यातला एकही मी ठेवून घेणार नाही.

हे काय, तू कशाला डोळे पुसतेस? काळ्या बोटांनी पुसू नकोस, झोंबेल. ऊठ. ते वही-पेन घे तुझं. ती गाडी वळली बघ मशिदीपाशी, मला अजून डोईपदर बदलायचाय. शेहाला सांग, भेट झाली. जा.